रविवारची चाळीस रिळं

केल्प कोव्ह
२६ मे १९४३

मिसेस डी. फ्यूअर,
कागद वाटप कचेरी, सेंट जॉन्स.

तुमच्या कचेरीची जहाजभरणीची यादी मिळाली. खाली कोपऱ्यात टाइप करणाराची दोन अक्षरं आहेत, डी. एफ. त्या कचेरीत डी. एफ. दुसरी कुणी असेल तर तिने हे पत्र फाडून टाकावं आणि एका म्हाताऱ्याला माफ करावं. तू असशील तर पुढे वाच.

यादीबद्दल तक्रार नाही. जहाज पोर्तुगीज, माल लिस्बनला. तिथले दोन पेपर. एकाची कागदाची रिळं गोलाच्या छापाची, दुसऱ्याची त्रिकोणाच्या छापाची. दोघांना वजन सारखं. मी शाळेत तिसऱ्या पुस्तकापर्यंतच शिकलो, पण एवढं मला वाचता येतं.

मग हा लॅसेल्स कोण आहे? सोमवारच्या गाडीने आला. लंडनचा आहे म्हणतो. पायात बँकेत घालतात तसले बूट, आणि आमच्या धक्क्यावर माशांची खवलं आणि बर्फाचं पाणी. दोनदा घसरला. जोब अँटलने दोन्ही वेळा त्याला काखेत धरून उभा केला आणि म्हणाला, "साहेब, एकदा पूर्ण पडूनच घ्या, मग भीती जाते."

हा लॅसेल्स मला बाजूला घेऊन म्हणतो, "मिस्टर बजेल, गोलवाला पेपर आपला मित्र आहे. त्रिकोणवाला शत्रूच्या बातम्या छापतो."

"मग त्याला कागद देता कशाला?"

"द्यावा लागतो. पोर्तुगाल या लढाईत कुणाच्याच बाजूने नाही. त्यांच्याकडून आपल्याला एक धातू मिळतो, तोफगोळ्यांना लागतो. तो शत्रूलाही हवाय. तेव्हा दोन्ही पेपरांना सारख्या वजनाचा कागद द्यायचा असा करार झालाय."

"मग सारखा देऊ."

त्याने इकडेतिकडे पाहिलं. शेडमध्ये माझ्याशिवाय एक मांजर होतं. तरी आवाज खाली आणून म्हणाला, "तुमच्या मागच्या भिंतीशी चेपलेली रिळं पडलीत ना? ती सगळी त्रिकोणाला द्या. करारात वजन लिहिलंय. आकार लिहिलेला नाही."

तू या शेडच्या दारात लहानाची मोठी झालीस, तुला सांगायला नको. मालगाडीच्या वाघिणीतून पडून चेपलेलं रीळ छापखान्याच्या यंत्रावर लंगडतं. कागद फाटतो, यंत्र थांबतं, मग कुणीतरी तो गुंता काढायला आत हात घालतो. पेपरात काय छापायचं ते त्या हातवाल्याला कुणी विचारलेलं नसतं. आणि एकतीस वर्षांत माझ्या खडूची खूण असलेलं एकही चेपलेलं रीळ या धक्क्यावरून गेलेलं नाही. एकही नाही. हे लिहिताना टाक इतका दाबला की शाई सांडली आहे.

मी म्हटलं, लिहून द्या. तो म्हणाला, "अशा गोष्टी लिहून देत नाहीत, मिस्टर बजेल." मी म्हणालो, "मग अशा गोष्टी आमच्याकडे करतही नाहीत." खरं म्हणजे हे मी बोललो नाही. घरी जाताना सुचलं. मला सगळं घरी जातानाच सुचतं.

तेव्हा हा तुमच्या कचेरीचा हुकूम आहे की या माणसाच्या डोक्यातलं खूळ, ते शुक्रवारच्या आत लेखी कळवावं. पत्र टपालात टाकत नाही, हल्ली टपाल उघडतात. गाडीवरच्या सायमनच्या हाती देतो.

तुझी आई बरी आहे. तू विचारलेलं नाहीस, पण चार वर्षांत मीही तुला काही विचारलेलं नाही.

एलाय बजेल
मुकादम, कागद शेड


केल्प कोव्ह
१ जून १९४३

डॉर्कस,

उत्तर मिळालं. दोन ओळी. 'तोंडी सूचनेची या कचेरीत नोंद नाही. माल यादीप्रमाणे भरावा.' खाली साहेबाची सही. आणि मागे पेन्सिलीने, 'आईचा खोकला कसा आहे?'

खोकला आहे हे तुला कुणी सांगितलं? मी तर 'बरी आहे' लिहिलं होतं. म्हणजे तुझी आई तुला पत्रं लिहिते. तरीच चार वर्षं या घरात शाई टिकत नाही. मी दुकानदाराशी भांडत होतो, की पाणी घालून विकतोस म्हणून. आता त्याच्यासमोर कुठल्या तोंडाने जाऊ? विचारलं तर ती म्हणते, "तू कधी विचारलं नाहीस, म्हाताऱ्या. विचारलं असतंस तर खोटं बोलले नसते." खोकला आहे. रात्री जास्त. डॉक्टर म्हणतो, दमट हवा. इथे दुसरी हवा मिळते कुठे?

माल यादीप्रमाणे भरला. यादीत 'चेपलेला' हा शब्द नाही, तेव्हा चेपलेलं रीळ जाणार नाही. पण मागच्या भिंतीशी होती ती वजनात धरलेली, ती टाकून देता येत नव्हती. मग जोबला आणि त्याच्या टोळीला घेऊन मी ती सोलायला बसलो. तुझ्या लहानपणी कधीमधी एखादं सोलायचो. या वेळी एकशे चाळीस होती. वेष्टण काढायचं, मग चेपलेला थर संपून रीळ गरगरीत गोल होईपर्यंत कागद उलगडत जायचं, पुन्हा गुंडाळायचं, पुन्हा तोलायचं. तीन दिवस. गुडघे असे झालेत की जिना चढताना मोजून चढतो.

जोब म्हणाला, "एलाय काका, हा कागद आहे की कांदा?"

"सोल."

"सोलतोय. रडू येतंय."

"कशाने?"

"पगाराने."

निघालेला कागद लोकांनी घरी नेला. अर्ध्या गावाच्या भिंतींवर आता कोरा पेपर चिकटवलाय. पादऱ्याची बायको म्हणाली, बातम्या नसलेला पेपर तिला जास्त आवडतो.

सोललेली रिळं त्रिकोणाला दिली, पण सोललं की वजन घटतं. करारात वजन आहे, ते मी कमी पडू देणार नाही. म्हणून गोलाच्या मालातली चाळीस चांगली रिळं घेतली, त्यांच्यावर त्रिकोण मारला आणि त्रिकोणाचं वजन पुरं केलं. गोलासाठी तेवढीच चाळीस कागदाच्या गिरणीतून मागवली. ती शनिवारी संध्याकाळच्या गाडीने आली.

जहाज रविवारी दुपारी सुटलं. जरा घाई झाली. पुढच्या जहाजाला काय ते बघता येईल. जो माल गेला तो सगळा चांगला गेला, याबद्दल मनात शंका ठेवू नकोस. कुणी विचारलं तर यादीप्रमाणे भरला म्हणून सांग.

खिडक्यांना लावायचं काळं कापड मिळत नाही. पहारेकरी रोज येऊन ओरडतो, की उजेड बाहेर दिसतो. मी म्हटलं, पाणबुडीवाल्याला आमच्या स्वयंपाकघरात बघण्यासारखं काय आहे?

एलाय बजेल


केल्प कोव्ह
२१ जुलै १९४३

डॉर्कस,

तो लॅसेल्स पुन्हा आला. या वेळी रेल्वेने नाही, पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने. म्हणजे काहीतरी मोठं बिनसलं आहे हे मला त्याचे बूट बघायच्या आधीच कळलं. बूट नवे आहेत. रबरी.

झालं असं. या महिन्याच्या दहा तारखेला आपलं सैन्य सिसिलीत उतरलं. त्या दिवशी लिस्बनमध्ये गोलवाल्याकडे कागदच संपत आलेला. त्याने एक पान काढलं. एक! पाठपोट. आणि त्रिकोणवाल्याने आठ पानं काढली, की इंग्रजांना समुद्रात ढकललं म्हणून. सगळं शहर तेच वाचत बसलं. गोलवाला गेला आपल्या राजदूताकडे रडत, राजदूताने लंडनला तार केली, लंडनने सेंट जॉन्सला, आणि सेंट जॉन्सहून हा माझ्या शेडमध्ये.

"मिस्टर बजेल! त्रिकोणाची रिळं इतकी चांगली होती की त्यांच्या छापखान्याच्या फोरमनने आमच्या वकिलातीला आभाराचं पत्र लिहिलंय! आभाराचं! लिहितो, इतका गोल माल वीस वर्षांत पाहिला नाही!"

जोब मागे उभा होता, तो खोकत बाहेर गेला. मी चेहरा तसाच ठेवला. पण ते ऐकून मला आनंद झाला. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

मग लॅसेल्स म्हणाला, "आणि गोलाची चाळीस कमी. ती कशी?"

मी म्हणालो, "यादी बघा."

एवढंच म्हणालो. मला वाटलं, बघेल, यादीत चेपलेल्यांबद्दल एक अक्षर नाही हे त्याचं त्यालाच कळेल, आणि लाजून गप्प बसेल. त्याने वहीत काहीतरी लिहिलं, "हं, यादी," असं दोनदा म्हणाला आणि विमानात बसून गेला.

ही लंडन-लिस्बनची भांडणं मला झेपत नाहीत, असं इथला पोस्टमास्तर म्हणतो तेव्हा मी हसतो, पण खरंच झेपत नाहीत. एक देश मित्र नाही, शत्रू नाही. एक पेपर मित्र, एक पेपर शत्रू, दोघांना कागद आपणच देणार. वर तो चांगला गेला म्हणून आरडाओरडा. मी आयुष्यभर ऐकत आलो की माल वाईट निघाला तर ओरडतात.

आईचा खोकला कमी आहे. काकवी घालून चहा देतो.

एलाय


केल्प कोव्ह
२ ऑगस्ट १९४३

पोरी,

तुझं पत्र सायमनने स्टेशनवरच दिलं. तिथल्या बाकावर बसून वाचलं. नंतर सायमननेच उठवून घरी आणलं.

चौकशी होईपर्यंत तुला घरी बसवलंय. लॅसेल्सने अहवालात लिहिलं, की भरणीच्या यादीत चूक असावी. मुकादमानेच यादीकडे बोट दाखवलं, असंही लिहिलं. तुझ्या जेराल्डचा भाऊ डब्लिनला असतो, आयर्लंडही कुणाच्या बाजूने नाही, म्हणून जेराल्डला तीन वेळा बोलावून विचारलं, की भावाला पत्रात काय लिहितोस. तो म्हणाला, हवापाणी लिहितो. तर म्हणे, हवा कशाला लिहितोस.

मी म्हणालो ते दोन शब्द. यादी बघा. मला तसं म्हणायचं नव्हतं. तुझी यादी बरोबर होती, ती मी घरी जपून ठेवली आहे.

तू पत्रात सरळ विचारलंस. 'बाबा, चाळीस रिळं शनिवारी स्टेशनात आली होती. मग रविवारी जहाजात का गेली नाहीत?' ही सरळ विचारायची सवय तुझ्या आईची. मी पाच वेळा पत्र लिहायला घेतलं आणि पाच वेळा हवापाणी लिहिलं.

तर ऐक. शनिवारी रात्री उशीर झाला म्हणून वाघिणींना कुलूप लावलं. रविवारी आम्ही चर्चमध्ये होतो. अकराच्या सुमाराला दाराशी त्या पोर्तुगीज जहाजाचा कप्तान बाल्ताझार, टोपी हातात. बंदराच्या तोंडाशी पाणबुडी दिसल्याची खबर आली होती. नौदलाने त्याला सांगितलं, दोन वाजता निघ, नाहीतर आठवडाभर बंदर बंद. माणूस चांगला आहे, वीस वर्षं येतो. त्याच्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत म्हणाला, "एलाय, किल्ली दे फक्त. माझी माणसं पहाटेच प्रार्थना करून मोकळी झाली. तुझा एक माणूस नको. तासात चाळीस चढवतो."

मी म्हटलं, "आज रविवार आहे."

"माहीत आहे. म्हणून तर तुला चर्चमध्ये शोधला."

"माझी शेड रविवारी उघडत नाही. एकतीस वर्षांत उघडलेली नाही."

"देवाचं आणि माझं मी बघून घेतो. तू किल्ली दे."

सगळे मागे वळून बघत होते. पादरी थांबला होता. मला काय झालं कुणास ठाऊक. मी मोठ्याने म्हणालो, "तुम्हा कॅथलिकांना रविवारचं काय पडलंय!"

त्याने टोपी घातली आणि गेला. तुझ्या आईने माझ्या हातातलं भजनाचं पुस्तक काढून घेतलं आणि मिटून ठेवलं. दोन वाजता जहाजाचा भोंगा ऐकू आला. चाळीस रिळं वाघिणीत.

तू लग्नासाठी जेराल्डचं नाव काढलंस त्या दिवशी आपल्या स्वयंपाकघरात मी असंच बोललो होतो. शब्द वेगळे असतील.

या आठवड्याच्या शेवटी लॅसेल्स गिरणीच्या पाहुणेघरात उतरतोय. सगळं सांगून येतो, पहिल्यापासून. म्हणजे तुझ्यावरचं किटाळ जाईल. जेवून घेत जा. तू काळजीत असलीस की जेवत नाहीस.

बाबा


केल्प कोव्ह
९ ऑगस्ट १९४३

पोरी,

सांगून आलो. काही उपयोग झाला नाही. उलट झालं.

पाहुणेघरात त्याने मला चहा दिला, कपाला इतका छोटा कान की बोट अडकून बसलं. मी सगळं सांगितलं. चेपलेली रिळं, सोलणं, चाळीसांवरचा त्रिकोण, रविवार, किल्ली. तो मध्येच उठून दार लावून आला.

"हे आणखी कुणाला सांगितलंत?"

"मुलीला. बायकोला. जोबला माहीतच आहे."

"म्हणजे बेटावर सगळ्यांना," तो म्हणाला आणि कपाळ धरून बसला.

मग मला समजावायला लागला, वर्गातल्या ढ पोराला समजावतात तसा. चेपलेल्या रिळांचं बाहेर आलं, तर पोर्तुगाल म्हणेल की इंग्रजांनी करारात दगा केला, आणि तो धातू शत्रूकडे जाईल. रविवारचं सांगितलं, तर कुणीतरी विचारणारच की मुळात चाळीस रिळं कमी का पडली, आणि पुन्हा चेपलेल्यांवरच येणार. तेव्हा खरं कारण चालणार नाही. लहानसं, साधं, कुणी पुढे काही विचारणार नाही असं कारण पाहिजे.

"यादीतली चूक हे तसंच होतं," तो म्हणाला. "पण ती तुमची मुलगी आहे हे मला माहीत नव्हतं. वाईट वाटलं."

"वाईट वाटलं असेल तर अहवाल मागे घ्या."

"घेतो की. त्या जागी दुसरं काहीतरी द्या."

आणि त्याने खिशातून टाइप केलेला कागद काढला. म्हणजे मी यायच्या आधीच तयार होता. 'मी, एलाय बजेल, मुकादम, वयोमानामुळे रिळांवरचे छाप ओळखण्यात चुकलो. गोल आणि त्रिकोण यांत माझी गल्लत झाली.'

गोल आणि त्रिकोण! जोबची दोन वर्षांची नात सांगते कुठला गोल आणि कुठला त्रिकोण! मी म्हटलं, हे कुणाला पटेल? तो म्हणतो, "लंडनमध्ये पटेल. तिथे कुणी तुम्हाला ओळखत नाही."

"आणि इथे?"

त्याने खिडकीबाहेर पाहिलं.

सही केली तर तू दुसऱ्या दिवशी कामावर, असं म्हणाला. पोर्तुगीजांना एक खेदाचं पत्र जाईल, गोलवाल्याला चाळीस रिळं जास्त जातील आणि सगळं मिटेल.

मी सही केली नाही. हे तुला लिहायला जड जातंय. तू घरात बसून आहेस आणि मी पेन हातात घेऊन परत ठेवलं. म्हणालो, विचार करतो. एकतीस वर्षं, पोरी. बर्फात, वादळात, त्या तापाच्या साथीच्या वर्षी चार माणसांचं काम दोघांनी केलं तेव्हासुद्धा एक छाप चुकला नाही. माझ्याकडे सांगायला दुसरं आहे काय? घर गिरणीचं, होडी जुनी. एवढी एक गोष्ट लोक माझ्याबद्दल बोलतात.

घरी आलो. तुझ्या आईने जेवण वाढलं आणि काही विचारलं नाही. ती विचारत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते. शेवटी मीच म्हणालो, "एकतीस वर्षांत माझ्याकडून एक चूक झालेली नाही आणि तो मला असलं लिहून द्यायला सांगतो."

ती म्हणाली, "चूक झाली नाही म्हणतोस. मग या टेबलाशी आपण दोघंच का जेवतो रे?"

मी मासा अर्धा टाकून उठलो. आता पहाट होत आली आहे आणि हे पत्र अजून संपत नाही. काय लिहू ते सुचत नाही, म्हणून थांबतो.

बाबा


केल्प कोव्ह
१८ ऑगस्ट १९४३

डॉर्कस,

अगं, तुला वेड लागलंय का?

'सही करू नका, मी सोमवारी वरच्या साहेबाकडे जाऊन चेपलेल्या रिळांसकट सगळं खरं सांगते.' हे तू लिहितेस! इतक्या वर्षांत एकदाही माझं ऐकलं नाहीस, तर आता ऐक. कुठेही जायचं नाही. कुणाला काही सांगायचं नाही. तुझं पत्र आलं त्याच्या आधीच, शुक्रवारी, मी सही करून बसलो आहे. ती फुकट घालवू नकोस.

सही साधी झाली असती तर बरं. पण साक्षीदार लागतात म्हणून लॅसेल्सने जोबला आणि गिरणीच्या कारकुनाला बोलावलं, आणि कारकुनाने तो कागद मोठ्याने वाचला. गोल आणि त्रिकोण आलं तेव्हा जोबला राहवलं नाही.

"कोण? एलाय काका? अहो, अंधारात, पाठमोरे उभे राहून सांगतील ते!"

लॅसेल्स माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "गल्लत झाली, जोब."

"कधी?"

"झाली म्हणतो ना."

जोबने मग साक्षीदार म्हणून फुली मारली, त्याला लिहिता येत नाही, आणि बाहेर जाऊन थुंकला. तो काही बोलणार नाही. पण कारकुनाला बायको आहे. शनिवारपर्यंत गावभर झालं. आमच्या कुंपणावर पोरांनी खडूने एक मोठा गोल आणि एक मोठा त्रिकोण काढलाय, खाली 'काका, ओळखा' असं लिहिलंय. तुझी आई पुसायला निघाली होती, मी थांबवलं. पुसलं तर पुन्हा काढतील आणि या वेळी दारावर काढतील.

शेड आता लोडरांच्या धाकट्या मुलाकडे दिली. वयोमानामुळे, कागदावर तसंच आहे. मुलगा बरा आहे, जरा घाई करतो.

निघताना लॅसेल्स म्हणाला, "एक सांगू का, मिस्टर बजेल? यापुढे दोन्ही पेपरांना चांगलीच रिळं जायची आहेत. वरून तसं आलंय. पुन्हा असला प्रकार नको म्हणाले."

मी म्हटलं, "मग एवढं सगळं कशाला केलंत?"

त्याने हस्तांदोलन केलं आणि गेला. त्याचा राग येत नाही याचीच मोठी चीड येते. त्यालाही कुणीतरी दार लावून सांगत असणार.

तू परवा कामावर गेलीस, असं सायमनने सांगितलं. बस्स. साहेबाने माफी मागितली नसेल. नको मागू दे. खाली मान घालून यादी टाइप कर आणि डी. एफ. ठळक मार.

आता हे शेवटचं, आणि हे उजळणी न करता लिहितो, नाहीतर लिहून होणार नाही. जी चूक मी कागदावर लिहून दिली ती मी केलेली नाही. जी केली ती लॅसेल्सला नको होती. ती तुला देतो. त्या रविवारी मी कप्तानाला किल्ली द्यायला हवी होती. आणि तुझ्या लग्नाला यायला हवं होतं. तुझ्या आईने कपडे काढून ठेवले होते, माझेसुद्धा इस्त्री केले होते. मी म्हणालो, कॅथलिक चर्चची पायरी चढणार नाही. चढलो असतो तर पाय झडला नसता. बाल्ताझारलाही हे सांगायचं आहे, पण त्याचं जहाज आता वसंतात येईल आणि एवढं सांगायला मला त्याची भाषा येत नाही.

तुम्ही दोघं या. मला आता कुठे जायचं नसतं, कुठलाही दिवस चालेल. शुक्रवारच्या गाडीने निघालात तरी चालेल. कॅथलिक म्हणून शुक्रवारी जेराल्डला मटण चालत नाही हे मला ठाऊक आहे, पण आमच्याकडे शुक्रवार काय आणि मंगळवार काय, मासाच असतो. त्याला खारवलेला आवडतो की ताजा, ते कळव. लवकर कळव. आयत्या वेळी कळवलंस तर तुझी आई मला तीन वेळा दुकानात पाठवेल आणि त्या दुकानदाराशी शाईवरून अजून माझं बोलणं नाही.

आणि रविवारी सकाळी त्याला त्याच्या चर्चला जायचं असेल. ते खाडीपलीकडे आहे, रस्त्याने गेलं तर अर्धा दिवस जातो. होडी आहे. वल्ही मी मारीन.

बाबा